दादा, वाचू का?

पत्र मोठं आहे, वहीची चार पानं, म्हणून वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लिहिणारे भाऊ श्रीरामपूरकडचे, वय 44, पतसंस्थेत नोकरी, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतात. वडील 2012 ला गेले, मागे तीन एकर बागायत. वर्षभरात बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केली, आईनेही केली, सातबारा एकट्या भावाच्या नावावर झाला. आई 2019 ला गेली. आता रस्ता मोठा झाला, शेजारी प्लॉटिंग पडलं आणि एकजण गुंठ्याला सव्वा लाखाने पूर्ण तीन एकर घ्यायला तयार आहे, इसार घेऊन दारात उभा आहे. मुलगा यंदा बारावीला.

आणि नेमकं याच वेळेस, उपवासकाळात पहाटे प्रार्थना करताना, भाऊंच्या मनात एक गोष्ट आली ती जातच नाही, की बहिणीचा वाटा परत दे. बहीण पुण्यात आहे, तिचं चांगलं चाललंय, दोघं कमावतात, स्वतःचा फ्लॅट आहे, तिने कधी एका शब्दाने काही मागितलेलं नाही. बायको म्हणते तुम्हाला वेड लागलंय. मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणतो रजिस्टर झालेला कागद आहे, कोर्टात गेली तरी काही होणार नाही. मंडळीतले एक पंच म्हणाले, एवढं मनाला लागलंय तर दशांशापेक्षा, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शापेक्षा, थोडं जास्त दे, चर्चच्या हॉलचं काम अडलंय, देव शंभरपट देईल. भाऊ विचारतात, "ताई, हा खरंच प्रभूचा आवाज आहे की माझ्या मनाचे खेळ? मी बायबल डोळे मिटून तीनदा उघडलं, तिन्ही वेळा वेगळंच निघालं. निदान अर्धा एकर दिला तर चालेल का? आणि दिल्यावर देव माझ्या पोरांचं बघेल ना?"

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय की सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात बहिणीने कागद हातात घेऊन विचारलं, "दादा, वाचू का?" आणि तुम्ही म्हणालात, "वाचायचं काय त्यात, घरचाच कागद आहे, कर सही." मग घरी आल्यावर आईने पुरणपोळी केली आणि तुम्ही तिला साडी दिली. हे लिहून तुम्ही लगेच पुढे गेलात, इसाराचं, मुलाच्या ॲडमिशनचं सांगायला लागलात. मला वाटतं देव तुमच्याशी पहाटे बोलला असेल ते नंतर, आधी तो या ओळीतून बोललाय, म्हणजे बारा वर्षं झाली तरी तुम्हाला ते वाक्य तिच्या आवाजात आठवतंय, याला मी आणखी काय म्हणू.

आधी माझं एक सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की हे सल्ले कोण देतंय. मी शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. मैदानावर मोठी सभा होती, बाहेरगावचे प्रचारक आलेले, तीन रात्री प्रवचन, गाणी, रडारड. तिसऱ्या रात्री मला अगदी स्पष्ट जाणवलं की देव म्हणतोय हातातल्या पाटल्या दे. मी काढल्या आणि दिल्या, आणि काय तो आनंद झाला, रिक्षाने न जाता नाचत चालत घरी गेले म्हणा ना. आता यातली गंमत अशी की पाटल्या माझ्या नव्हत्या. सासूबाईंच्या होत्या, त्यांनी मला घालायला दिल्या होत्या, नंतर धाकट्या नणंदेला जायच्या असं आधीच ठरलेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नाताळला सगळे फोटोला उभे राहिलो तेव्हा फक्त माझ्या हाताकडे बघितलं त्यांनी. मला पुढे कितीतरी वर्षं लागली हे कबूल करायला की त्या रात्री मी आज्ञाधारक वगैरे काही नव्हते, मी दुसऱ्याच्या सोन्यावर उदार झाले होते. नणंदेला पाटल्या करून देईपर्यंत माझी निवृत्ती जवळ आली होती आणि सोन्याचा भाव तुम्हाला माहितीच आहे.

तेव्हापासून कोणी मला म्हणालं की देवाने मला काहीतरी अचाट करायला सांगितलंय, लोकांना वेडेपणा वाटेल असं, तर मी पहिला प्रश्न एकच विचारते, याचं बिल कोण भरणार. मला दर महिन्याला अशी पत्रं येतात. कोणाला वाटतं देव म्हणतोय आईचं इन्सुलिन बंद कर आणि विश्वास ठेव. कोणाला वाटतं नोकरी सोड, घर बायको चालवेल. अरे पण सुई आईची बंद होणार, राबणार बायको, आणि विश्वासू म्हणून नाव तुझं होणार? असल्या पत्रांना मी दोन ओळीत उत्तर देते आणि पहिली ओळ "आधी डॉक्टरकडे जा" अशी असते. तुमचं पत्र त्यातलं नाही. तुमच्या बाबतीत खिसा तुमचा रिकामा होतोय आणि भरतोय तो ज्याचा होता त्याचा, म्हणजे तिचा. एवढ्यावरूनच माझा कल कुठे आहे ते तुम्हाला समजलं असेल, तरी बाकीचं बोलू, कारण बायकोचं आणि पोरांचं राहिलंय.

तो डोळे मिटून बायबल उघडायचा प्रकार आधी बंद करा. तीनदा उघडलंत, तीनदा वेगळं आलं, चौथ्यांदा वंशावळी निघतील मग काय करणार. बायबलमधल्या गिदोनाने देवाकडून खूण मागायला लोकर ठेवली होती असं तुम्ही म्हणाल, एकदा लोकर ओली जमीन कोरडी, मग उलटं. पण गिदोनाला देवाचं म्हणणं आधीच कळलेलं होतं हो, लोकर तो भीतीपोटी ठेवत होता आणि देवाने त्याची भीती सांभाळून घेतली एवढंच. तुम्हालाही कळलंय. तुम्ही लोकर ठेवताय ती "नको" असं उत्तर यावं म्हणून.

आता बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा बत्तिसावा अध्याय काढा, हा मात्र डोळे उघडे ठेवून. जमिनीच्या व्यवहाराचा एवढा तपशील अख्ख्या शास्त्रात फार थोड्या ठिकाणी आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेला वेढा घातलाय, बाहेर मातीचे चढाव रचलेत, आत दुष्काळ, आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार असं तो उघड बोलत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ तिथून तासाभराच्या वाटेवर आणि तो सगळा भाग शत्रूच्या हातात. म्हणजे उद्या धरणाखाली जाणार हे माहीत असलेलं शेत आज बाजारभावाने घ्यायचं. हनामेलाला ग्राहक मिळत नसणार, म्हणून तर तो तुरुंगात आलाय गिऱ्हाईक शोधत! आणि यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगतो की दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

यात दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे देवाने त्याला आधी सांगितलं होतं की हनामेल येईल, पण हनामेल खरंच आला, समोर उभा राहिला, बोलला, तेव्हा कुठे यिर्मया म्हणतो की आता मला समजलं हे परमेश्वराचं वचन होतं. एवढा मोठा संदेष्टा, पण तोही नुसत्या आतल्या आवाजावर पैसे मोजत नाही, माणूस दारात येईपर्यंत थांबतो. दुसरी म्हणजे व्यवहार झाल्यावर, सह्याबिह्या झाल्यावर, तो प्रार्थनेला बसतो आणि देवाला जवळजवळ म्हणतोच की अरे शहर खास्द्यांच्या, म्हणजे त्याच बाबेलवाल्यांच्या, हातात चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? म्हणजे शंका होती, पोटात गोळा होता, तरी सही आधी केली. आपल्याकडे लोक म्हणतात पूर्ण शांती मिळाली की मग करेन. यिर्मयाला काही मिळालेली दिसत नाही.

आणि भाऊ, पुढचं पण वाचा, कारण तुमचा शेवटचा प्रश्न त्यात आहे. देवाने सांगितलं होतं की या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. घेतले गेले, पण यिर्मयाने त्या शेतात कधी नांगर घातला असं कुठे लिहिलेलं नाही. लोकांनी त्याला शेवटी मिसर देशात ओढत नेलं. त्याचे सतरा शेकेल त्याच्या हयातीत वसूल झालेले दिसत नाहीत. म्हणून तो शंभरपटवाला हिशोब तुम्ही डोक्यातून काढा. बहिणीला दीड एकर दिलं की मुलाला गव्हर्नमेंट कॉलेजला सीट लागेल अशी लिंक मनात जोडू नका, कारण सीट नाही लागली तर तुम्ही देवावर आणि बहिणीवर दोघांवर चिडाल, आणि लागली तर तुम्हाला वाटेल देवाशी डील करता येतं, ते तर आणखी वाईट. देव पोरांचं बघेल ना? बघेल असा माझा विश्वास आहे. कसं बघेल ते मला ठाऊक नाही. एज्युकेशन लोनमधून पण बघेल कदाचित, दीड एकर तर तुमच्याकडे राहतेच आहे, साठ गुंठे, तुम्ही काही रस्त्यावर येत नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही म्हणून मी सांगते.

दीड एकर म्हटलं मी, अर्धा नाही. तुम्ही "निदान अर्धा एकर" लिहिलंत तिथे मला शौल राजा आठवला आणि एकटीच हसले. त्याला सांगितलं होतं अमालेक्यांचं काहीही ठेवू नको, याने फालतू ते नष्ट केलं आणि चांगली चांगली मेंढरं ठेवली, वर शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो मी परमेश्वराची आज्ञा पाळली बरं का. शमुवेल काय विचारतो? मग हे मेंढरांचं ओरडणं कसलं ऐकू येतंय मला. (त्या युद्धाचा विषय अवघड आहे, तो इथे काढत नाही, पण ती मेंढरं माझ्या कायम लक्षात राहिलीत.) अर्धा एकर दिलात तर उरलेल्या एक एकराचं बें बें तुम्हाला पेटी वाजवताना ऐकू येईल.

हिशोब साधा आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाहीच. म्हणजे तुम्हा तिघांना एकेक एकर. आई गेल्यावर तिचा एकर तुमच्या दोघांत अर्धा अर्धा. झाले दीड-दीड. हक्कसोड झालं म्हणून कायदा आज तुम्हाला विचारणार नाही हे तुमच्या मेव्हण्याचं बरोबर असेल, पण तुम्ही पत्र मेव्हण्याला नाही लिहिलं, मला लिहिलं, ते का? कारण कागद बरोबर आहे आणि काहीतरी चूक आहे हे दोन्ही तुम्हाला एकाच वेळी माहिती आहे. आपल्याकडे घरोघरी हेच होतं हो, हिंदू म्हणू नका ख्रिस्ती म्हणू नका, बहिणीने वाटा मागितला की ती वाईट, माहेर तुटलं, आणि नाही मागितला की ती गुणाची. तुमची बहीण गुणाची आहे म्हणजे तिने कधी मागितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, तिला नको होतं असं त्यातून निघत नाही.

आणि शास्त्रात बघायचं तर गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, पाचही नावं देवाने लिहून ठेवायला लावलीत. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, बापाला मुलगा नव्हता म्हणून आमचं वतन का जावं. मोशेलाही उत्तर सुचलं नाही, त्याने देवाला विचारलं, आणि देव म्हणाला या मुली बरोबर बोलतात. त्यांना भाऊ नव्हता म्हणून त्या बोलू शकल्या असं मला कधी कधी वाटतं. भाऊ असता तर त्यांनाही साडीच मिळाली असती.

आता ते पंच. नाव तुम्ही लिहिलं नाही हे बरं केलंत. हॉलला पैसे द्या, जरूर द्या, तुमच्या पगारातून द्या. पण बहिणीचं देणं बाजूला ठेवून तेच देवाला वाहायचं याला येशूच्या काळात एक शब्द होता, कुर्बान. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून मोकळं व्हायचं. मार्कच्या सातव्या अध्यायात त्याने यावर शास्त्री-परुशांना, म्हणजे तेव्हाच्या धर्मपंडितांना, चांगलंच झापलंय. हॉलच्या पाटीवर तुमचं नाव लागेल आणि तुमची बहीण नाताळला येऊन ती पाटी वाचेल, एवढं फक्त डोळ्यासमोर आणा.

मला इथे पंडिता रमाबाईंचं सांगावंसं वाटतं कारण वेड्यासारखा विश्वास म्हटलं की आपल्यात सगळे त्यांचं नाव घेतात आणि अर्धंच सांगतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, सोडून दिलेल्या शेकडो मुली-विधवा घेऊन आल्या. त्यांच्या शारदासदनाला, म्हणजे विधवांच्या शाळेला, अमेरिकेतून जी मदत यायची ती दहाच वर्षांसाठी ठरलेली, 1898 ला संपणार, म्हणजे पैसा संपत आलेला आणि बाई माणसं वाढवतायत. कोणीही म्हणेल की हे खूळ आहे. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात माणसं होती. हे आपण साक्षीत, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे बोलताना, सांगतो. सांगत नाही ते हे की केडगावची जमीन बाईंनी दुष्काळाच्या आधीच घेऊन ठेवली होती, मदत बंद झाल्यावर हातात उत्पन्न असावं म्हणून फळझाडं लावली होती, विहिरी खणल्या, पुढे माग, तेलघाणा, छापखाना असं सगळं उभं केलं. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली बाई ती, उपासमार म्हणजे काय ते तिला कोणी शिकवायला नको होतं. गुडघ्यावर बसायची तशी हिशोबालाही बसायची. तर तुम्हीही वेडेपणा करा पण वही-पेन घेऊन करा.

आणि दुसरं उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, पण ते जरा वेगळ्या कारणासाठी. 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवाची हाक होती, मी त्यावर शंका घेत नाही. पण बायकोला, लक्ष्मीबाईंना, विश्वासात न घेता घेतला, आणि त्यापुढची काही वर्षं त्या बाईने जे भोगलं, मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, कधी हसत कधी डोकं आपटत, ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय आणि ते वाचताना मला टिळकांचा फार राग येतो, आजही. पुढे 1900 ला त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला ते त्यांचं मोठेपण. 1917 ला टिळकांनी मिशनचा पगार सोडला, देव देईल म्हणून, तेव्हाही घर चालवणारी कोण? म्हणून म्हणते तुमच्या बायकोला "अविश्वासू" ठरवू नका. तुमच्या पत्रात दोनदा आलाय तो शब्द. ती बारावीच्या मुलाची आई आहे, दारात दीड कोटी उभे आहेत, आणि नवरा पहाटे उठून येऊन सांगतो देव म्हणतो निम्मे देऊन टाक. मी असते तर लाटणं घेतलं असतं. तिला देवाने सांगितलंय असं सांगू नका, त्यावर माणसाला काही बोलताच येत नाही, तिथे चर्चाच संपते. तिला ऑफिसातली गोष्ट सांगा. बहिणीने वाचू का विचारलं आणि मी वाचू दिलं नाही, एवढंच सांगा, आणि मग गप्प बसा. तीही कोणाची तरी बहीण आहे. तिच्या माहेरी तिने कशावर सही केली होती ते तुम्ही कधी विचारलंय का? मेव्हण्याचं एवढं ठाम मत कुठून आलं असेल, जरा विचार करा.

ती लगेच हो म्हणणार नाही. महिना द्या. मुलाच्या फीचा आकडा कागदावर मांडा, लोन किती, तुमचा पगार किती, दीड एकराचं उत्पन्न किंवा विकलं तर किती, सगळं दोघांनी मिळून. पण या महिन्यात एक गोष्ट अजिबात करू नका, इसार घेऊ नका. इसार घेतला, साठेखत झालं की तुम्ही तिसऱ्या माणसाला बांधले जाता आणि मग बहिणीला देण्यासारखे फक्त पैसे उरतात. जमीन देणं आणि पैसे देणं यात फरक आहे. पैसे दिले म्हणजे विकायचं तुम्ही ठरवलं, कितीला तुम्ही ठरवलं, तिला पाकीट मिळालं, परत साडीच झाली, भारीतली. तिच्या नावावर जमीन झाली तर ती म्हणू शकते की मला विकायची नाही, आबांची विहीर आहे तिथे. मग तुमचं गिऱ्हाईक कदाचित जाईल, पूर्ण तीन एकर हवेत म्हणून. मला वाटतं तुमची खरी भीती ही आहे आणि पत्रात ती तुम्ही पोरांच्या नावाखाली लिहिली आहे. गिऱ्हाईक जाईल तर जाईल. रस्ता कुठे जात नाही.

वकील चांगला बघा, तालुक्याला जो तुमच्या मेव्हण्याचा मित्र नसेल असा. हक्कसोड झालेलं असल्यामुळे आता ते परत फिरवायचं की बक्षीसपत्र करायचं, शेतजमीन तिच्या नावे चढायला काय काय कागद लागतील, ते तो सांगेल. नवरा-बायको किंवा मुलांना घरची शेती दिली तर नाममात्र मुद्रांकावर बक्षीसपत्र होतं तसं भाऊ-बहिणीत होत नाही, ड्युटी लागते आणि तुमच्याकडच्या भावाने ती लाखांत जाईल, तर तो खर्चही तुमच्या बाजूला धरा. तिच्याकडून घेऊ नका, ते बरं दिसत नाही.

बहिणीकडे जाल तेव्हा तुमच्या बायकोला घेऊन जा, ती तयार झाल्यावरच. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आणि तिथे साक्ष द्यायला लागू नका. बायबलमधल्या नामानाला आठवा, कुष्ठरोग झालेला सेनापती, त्याला वाटलं अलीशा संदेष्टा बाहेर येईल, हात फिरवेल, मोठा सोहळा होईल, आणि अलीशाने नुसता निरोप पाठवला की यार्देनेत सात डुबक्या मार. त्याला राग आला तो पाण्याचा नाही, साधेपणाचा, आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत म्हणाला. आपल्यालाही देवाची आज्ञा पाळायची तर थोडं बँड-बाजा लागतो. तुमचं काम यार्देनेसारखं आहे, गढूळ आणि गुडघाभर. माझं चुकलं, तुझा वाटा तुझ्या नावावर करायचाय, बस. रविवारी मंडळीत पण सांगू नका, पंचांना तर नकोच.

ती "नको रे दादा" म्हणेल. नक्की म्हणेल, तिला बारा वर्षं तेच शिकवलंय. पहिल्या नकोवर हुश्श करून उठू नका, तुमचं मन त्याचीच वाट बघतंय हे मला इथून दिसतंय. पुन्हा विचारा. नवऱ्याशी बोल, वेळ घे, म्हणा, आणि कागद तयार करूनच विचारा, कारण नुसतं तोंडी विचारलं तर ती तोंडीच नको म्हणेल. रडेल किंवा चिडेलही. एवढी वर्षं कुठे होतास असं म्हणाली तर ऐकून घ्या, तेव्हा शास्त्रवचन काढू नका. एवढं सगळं होऊन खरंच नको म्हणाली, किंवा घेतलं आणि तुमच्याच मुलाच्या शिक्षणाला दिलं, किंवा घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या त्याच गिऱ्हाइकाला विकलं, ते तिचं. यातलं काही झालं नाही म्हणून देव बोललाच नव्हता असं म्हणू नका आणि झालं म्हणून चमत्कार झाला असं मला कळवू नका, नुसतं काय झालं ते कळवा.

आणि सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात पुन्हा जाल तेव्हा कागद आधी तिच्या हातात द्या. तिथे बसायला नीट जागा नसते, पंखा नसतो, एजंट मागे घाई करतो, तरी तिचं वाचून होऊ द्या, सगळी पानं. तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या हवं तर.

साडी मात्र नेऊ नका.